सहा आवाज उघडेपर्यंत

मार्चमधल्या एका सोमवारी सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात डॉक्टरांनी माझ्या वडिलांना विचारले, की दुसरी शस्त्रक्रिया करायची का. वडिलांना उत्तर देता आले नाही. त्यांच्यासाठी बोलणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर उघडत होता. तो उघडण्याआधी माझ्या थोरल्या भावाने उत्तर दिले. उत्तर होकाराचे होते.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. मंगळवार पेठेत त्यांचे सुताचे दुकान होते. घशाच्या कर्करोगामुळे त्याआधी दोन वर्षे त्यांचे स्वरयंत्र काढले होते आणि श्वासासाठी गळ्याच्या तळाशी छिद्र ठेवले होते. गळ्यावर टेकवून बोलण्याचे एक उपकरण मिळते. ते आम्ही आणले. पण किरणोपचारांनी अप्पांच्या गळ्याची कातडी कडक झाली होती, आणि उपकरणातून शब्दांऐवजी घरघर निघायची. ते परत केले. मग पाटी आली.

पाटीवर अप्पा लिहीत असताना समोरचा माणूस वाचत असायचा, आणि वाक्य अर्ध्यावर आले की तो स्वतःच ते पुरे करायचा. "व्हय व्हय, कळलं की," असे म्हणून तो उत्तरही द्यायचा. अप्पांना बहुधा दुसरेच काही म्हणायचे असे. सुरुवातीला ते ओल्या फडक्याने पाटी पुसून पुन्हा लिहीत. काही महिन्यांनी त्यांनी पुन्हा लिहिणे सोडले. समोरच्याने पुरे केलेल्या वाक्याला ते मान हलवत. मैंदर्गीच्या माझ्या आत्याला, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, वाचता येत नसल्याने तिच्यापुढे पाटीचा उपयोग नव्हता.

मोबाइलवरही जमले नाही. केमोथेरपीनंतर त्यांच्या बोटांची टोके बधिर झाली होती. काचेवर बोट टेकले की नाही हे त्यांना कळत नसे. कीबोर्डची कळ मात्र खाली जाते, ते त्यांना मनगटात जाणवायचे. दुकानाची बिले ते अनेक वर्षे स्वतः संगणकावर करत आले होते. माझ्या वृत्तपत्राच्या कार्यालयात पाने लावणाऱ्या सहकाऱ्याने हे ऐकले आणि एक प्रोग्रॅम शोधून दिला. लिहिलेले वाक्य तो मोठ्याने वाचतो. तो ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याची आतली रचना कोणालाही पाहता येते, बदलता येते, आणि त्याचे काम जगभरातले काही लोक आपला वेळ देऊन करतात. तो फुकट उतरवून घेता येतो.

मी सोलापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक आहे. अप्पा आता हयात नाहीत. त्यांच्या मनात काय होते ते मला लिहिता येणार नाही. पडद्यावर जे उमटले आणि त्या आवाजांतून जे निघाले, तेवढेच इथे आहे.

आवाज सहा होते. इंग्रजी प्रोग्रॅमबरोबरच आला. मराठी मी बसवला. कन्नड आत्यासाठी, आमच्या घरातही आपसात कन्नडच चालते, ते बोलणे मी इथे मराठीत देते आहे. तेलुगू अप्पांच्या एका जुन्या मित्रासाठी. या मित्राचे अशोक चौकाकडे यंत्रमाग होते, आणि त्यांच्या मुलीने स्वतः येऊन तो आवाज उतरवून दिला. हिंदी दुकानात माल उतरवणाऱ्या, उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसासाठी. उर्दू रंगारी चाचांसाठी. हे चाचा अप्पांचे सूत चाळीस वर्षे रंगवत आले होते.

आमच्या पेठेत दुकानात शिरलेल्या माणसाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलतात. त्यासाठी कोणी शिकवणी लावत नाही. सौदा ज्या भाषेत सुरू होतो त्याच भाषेत पुरा होतो, आणि मध्ये तिसरा माणूस आला तर त्याच्यापुरते वाक्य बदलते. अप्पांचा आवाज गेल्यावर भेटायला येणारे याच रिवाजाने वागले. जो तो आपली भाषा लॅपटॉपमध्ये घालून गेला. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही, मलाही नाही.

आवाज पुस्तकी होते. उर्दू पहिल्यांदा ऐकल्यावर चाचा खुर्चीतून पुढे झुकले.

"अरे बाबा, ये कौन नवाब कू बिठाके रखे तुम डब्बे में? अपन बात करते वैसा बोलने कू बोलो ना इसकू."

अप्पांनी टाइप केले. लॅपटॉप अत्यंत अदबीने म्हणाला, "नवाबच मिला. अपने वाला नै मिला."

चाचा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. अप्पांचे खांदे हलत होते.

आत्याचे वेगळे झाले. कन्नडमध्ये वडीलधाऱ्यांना आणि परक्यांना 'री' लावून बोलतात. आत्या अप्पांना जन्मभर एकेरी बोलत आली, 'तम्मा' म्हणजे धाकटा भाऊ म्हणत आली. लॅपटॉपमधला आवाज शहरी आणि शिकलेल्या माणसाचा निघाला. त्यातून जेवलीस का असा प्रश्न आला तेव्हा ती पदर सावरून बसली आणि "आतु री," म्हणाली. झालं जी. नंतर स्वतःच्या तोंडावर हात ठेवून ती अप्पांकडे बघत राहिली.

"तम्मा, मी ह्याला कसं एकेरी बोलू? हा तर मास्तर वाटतोय."

"मास्तर नाही. मीच हाय अक्का," अप्पांनी तिला कन्नडमध्ये सांगितले. पुढच्या भेटीपर्यंत तिचा 'री' गेला.

या सगळ्यात प्रोग्रॅम उघडायला लागणारा वेळ वाढत गेला. पहिल्या आठवड्यात तो लगेच उघडायचा. सहा आवाज झाल्यावर घरी सुमारे दोन मिनिटे लागू लागली. पडद्यावर मधोमध एक गोल फिरत राहायचा. बोलण्यात दोन मिनिटांत विषय बदलतो. चाचा आपल्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागत आणि अप्पांचे उत्तर आधीच्या विषयाला, चाचांच्या नातवाच्या लग्नाला, जाऊन लागे. त्यावर सगळे हसत.

एकदा उघडून तसाच चालू ठेवण्याचा उपाय आम्ही केला. लॅपटॉप जुना होता, त्याची बॅटरी निकामी झाली होती, प्लग निघाला की तो बंद पडायचा. म्हणून आठवडाभर माझा कार्यालयाचा नवा लॅपटॉप देऊन पाहिला. त्यावरही प्रोग्रॅम उघडायला वेळ लागला, थोडा कमी. शिवाय झाकण मिटून पुन्हा उघडले की प्रोग्रॅमचा आवाज जाई, आणि तो बंद करून परत सुरू करावा लागे. दोष यंत्राचा नव्हता एवढे त्यातून कळले.

त्या सोमवारी आम्ही तिघे रुग्णालयात गेलो. बाह्यरुग्ण विभाग तळघरात आहे. बाहेरच्या बाकावर प्लग मिळाला, तिथे प्रोग्रॅम उघडून ठेवला. अप्पांचे नाव पुकारले गेले. आत जाताना प्लग काढला, लॅपटॉप बंद पडला. आत डॉक्टरांच्या टेबलाखाली प्लग सापडला आणि अप्पांनी पुन्हा सुरुवात केली.

डॉक्टरांनी तपासणीचा अहवाल पाहिला. गाठ परत आली आहे, अन्ननलिकेच्या वरच्या भागात आहे, असे ते म्हणाले. शस्त्रक्रिया करता येईल, मोठी असेल, बाहेरून सर्जन येतील. मग ते भावाकडे न बघता अप्पांकडे वळले आणि विचारले, "काका, करायची का?"

अप्पांनी लॅपटॉपकडे बोट दाखवले. गोल फिरत होता. डॉक्टर थांबले. घरी लागतो त्यापेक्षा जास्त वेळ गेला. दारात पुढचा रुग्ण उभा होता, त्याच्या नातेवाइकाने आत डोकावून पाहिले. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले नाही, पण पेनाचे टोपण काढले.

"करू की डॉक्टर," भाऊ म्हणाला. "जे काय लागंल ते करू. तुमी तारीख द्या."

तारीख मिळाली. त्याआधी एकदा, म्हणजे तीन आठवड्यांनी, पुन्हा तपासणीला यायचे ठरले. आम्ही बाहेर येईपर्यंत गोल फिरतच होता. अप्पांनी झाकण मिटले.

भावाबद्दल एवढे सांगितले पाहिजे, की अप्पांच्या गळ्यातली नळी रोज सकाळी तोच स्वच्छ करत असे. दोन वर्षांत त्याने त्यात एकदाही खाडा केला नाही. दुकान तोच चालवत होता.

घरी आल्यावर त्यानेच लॅपटॉप पुढे ठेवला आणि प्रोग्रॅम उघडेपर्यंत समोर बसून राहिला.

"अप्पा, तुमाला नको हुतं का ऑपरेशन?"

अप्पांनी टाइप केले. "मला विचारलं होतं की."

"ते खरं हाय. पण ते मशीन उघडंना. डॉक्टर किती थांबणार? बरं, आता सांगा. हो का नको? मी फोन करून कळवतो."

"आत्ता माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचंय."

"काय विचारायचंय ते लिहून द्या. मी विचारून येतो."

अप्पांना हे वाक्य लिहायला वेळ लागला. भाऊ पडदा वाचत नव्हता. आवाज येण्याची वाट बघत होता. "एक उत्तर आल्याशिवाय दुसरा प्रश्न कसा लिहू?"

सूत बाजारात भाव असेच, एकामागून एक, विचारले जातात हे भावालाही माहीत होते.

तीन आठवड्यांत हा प्रोग्रॅम लवकर उघडायला लागला तर अप्पा डॉक्टरांशी स्वतः बोलू शकणार होते. नाही तर ठरलेल्या तारखेला शस्त्रक्रिया होणार होती.

त्या रविवारी माझी सुटी होती. भावाने मराठी सोडून बाकीचे पाच आवाज काढून पाहायला सांगितले. मी ते काढले नाहीत, फक्त बाजूला ठेवले. प्रोग्रॅम जवळजवळ लगेच उघडला.

"झालं की मग! एवढंच हुतं व्हय? टाक काढून बाकीचे. डॉक्टर मराठीच बोलतोय."

अप्पा शेजारी बसले होते. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "कोणाला काढू?" असे मराठी आवाज म्हणाला. मग अप्पांनी एकेक नाव लिहिले आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह दिले. आत्या, चाचा, यंत्रमागवाले मित्र, दुकानातला माणूस. आवाजाने ती चारही नावे एकाच सुरात वाचली.

"अहो, पुन्हा घालता येतात," भाऊ म्हणाला.

"मी मेल्यावर?"

भाऊ उठून दुकानात गेला. मी पाचही आवाज परत जागेवर ठेवले.

या प्रोग्रॅमसाठी इंटरनेटवर एक पान आहे. तिथे कोणीही अडचण मांडू शकते. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. बातमी लिहिता येते. काय घडले, कुठे घडले, केव्हा घडले, कोणासमोर, आणि आधी तसे घडत होते का, हे मी इंग्रजीत क्रमाने लिहिले. वडिलांचा आजार लिहिला, नाव लिहिले नाही. तपासणीची तारीख शेवटच्या ओळीत लिहिली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. प्रोग्रॅमचे काम सांभाळणारी बाई दुसऱ्या देशात राहते आणि शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर ती हे काम करते. तिने विचारले, की तुमच्याकडे आवाज किती आहेत. मी सहा असे कळवले. तिने पुन्हा विचारले, की एका माणसासाठी सहा का.

मी तिला पेठेबद्दल लिहिले. किती कळले माहीत नाही. तिचे उत्तर मात्र सरळ होते. प्रोग्रॅम लिहिताना तिने धरून चालले होते, की माणसाला एक भाषा असेल, फार तर दोन. म्हणून उघडतानाच सगळे आवाज पूर्ण तयार करून ठेवायचे, म्हणजे बोलताना क्षणही जाणार नाही, अशी तिची रचना होती. तोपर्यंत कोणी तक्रार केली नव्हती. तुमच्याकडे पाच भाषा वाट अडवून उभ्या आहेत आणि सहावी मागे थांबली आहे, असे तिने लिहिले.

तिने एक चाचणी आवृत्ती पाठवली. तीत उघडताना एकही आवाज तयार होत नव्हता. जी भाषा पहिल्यांदा बोलायची वेळ येईल, तिचा आवाज त्या वेळी तयार होणार होता. प्रोग्रॅम लगेच उघडला. मी तिला आभाराचा निरोप लिहायला घेतला होता, तोच आत्या आली.

ती मैंदर्गीहून अक्कलकोटमार्गे एसटीने आली होती. उन्हाने चेहरा तांबडा झाला होता. पाणी पिऊन ती अप्पांसमोर बसली आणि नेहमीसारखे विचारले, "ऊटा आतेनु, तम्मा?" जेवलास का.

अप्पांनी लिहिले आणि बोलण्याची कळ दाबली. काहीच झाले नाही. कन्नड आवाज त्या क्षणी तयार व्हायला लागला होता. आत्याने अप्पांच्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"रागावलाय व्हय गं हा? मागच्या अमावस्येला मी आले नाही म्हणून?"

"नाही आत्या, मशीन थांबलंय."

"मशीन नाही, हाच थांबलाय. लहानपणापासून असाच हाय. राग आला की तोंडच उघडत नाही." ती उठून स्वयंपाकघरात वहिनीकडे गेली. लॅपटॉप रिकाम्या खुर्चीला म्हणाला, की जेवण झाले, तू जेवून जा.

मी आभाराचा निरोप खोडला आणि हे घडले ते लिहिले. वेळ वाचला नव्हता. दारातून उठून तो वाक्याच्या मध्ये येऊन बसला होता. त्या बाईला हे लगेच पटले. तिने दुसरा प्रश्न विचारला, तुमचे वडील लिहितात कसे, ते मला पायरीपायरीने सांगा.

पुढचे दोन दिवस मी अप्पांच्या शेजारी बसून बघितले. माणूस समोर आला की ते आधी कळफलकाची भाषा बदलत. दुकानातल्या बिलांमुळे ती सवय होती. मग एकेक अक्षर शोधत लिहीत. बधिर बोटांमुळे एक वाक्य व्हायला बराच वेळ लागे. वाक्य पुरे झाल्यावर ते एकदा वाचून बघत आणि मगच कळ दाबत. मी हे लिहून पाठवले.

बाईने उत्तरात एकच ओळ लिहिली होती. तिचा मराठीत अर्थ असा, की ते लिहीत असतात त्या वेळात प्रोग्रॅम नुसता बसून राहतो, ते बंद करू.

पुढच्या आवृत्तीत प्रोग्रॅम आवाजाशिवाय उघडत होता. अप्पांनी कळफलक कन्नड केला, की त्याच क्षणी कन्नड आवाज मागे तयार व्हायला लागायचा. वाक्य लिहून होईपर्यंत तो तयार असायचा. बाकीचे आवाज हात थांबलेला दिसला की सावकाश, एकामागून एक, तयार होत. आम्ही हे चाचांवर तपासले. चाचा म्हणाले, "नवाब आज बडी जल्दी में है." आत्याला मी फोन करून बोलावले. ती आली आणि तिने पुन्हा तेच विचारले. उत्तर लगेच आले, तिला वाट बघत बसावे लागले नाही. अमावस्येचा विषय तिने काढला नाही. अप्पांनी काढला, आणि दोघे बराच वेळ भांडले.

भावाला अजून विश्वास नव्हता. "घरी चालंल. तितं चालंल का? तितं तर घरापेक्षा लई वेळ घेत हुतं."

ही गोष्ट मी माझ्या पहिल्या निरोपात लिहिली होती आणि तिच्याकडे मीही पुन्हा पाहिले नव्हते. लॅपटॉप तोच, प्रोग्रॅम तोच, मग तळघरात वेळ जास्त का लागला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाण्याआधी मी जुना लॅपटॉप घेऊन रुग्णालयात गेले. बाह्यरुग्ण विभागातल्या त्याच बाकावर बसून प्रोग्रॅम उघडला. गोल फिरू लागला आणि फिरत राहिला. वर येऊन, औषधांच्या दुकानाजवळच्या प्लगवर, पुन्हा उघडला. लगेच उघडला. वरती माझ्या मोबाइलचे नेटवर्क लॅपटॉपला मिळत होते. खाली नव्हते.

मी हे वरूनच प्रोग्रॅमवाल्या बाईला कळवले. तिच्याकडे पहाट असावी, तरी उत्तर तासाभरात आले. उघडण्यापूर्वी प्रत्येक आवाजाची नवी आवृत्ती आली आहे का, हे प्रोग्रॅम इंटरनेटवर विचारत होता. नेटवर्क असेल तर उत्तर लगेच यायचे. नसेल तर तो उत्तराची वाट बघायचा, मग सोडून देऊन पुढच्या आवाजासाठी पुन्हा विचारायचा. सहा आवाजांसाठी सहा वेळा. पहिल्या दिवशी डॉक्टरांसमोर हेच चालले होते. तिने ही चौकशी उघडण्याच्या वाटेतून काढली आणि प्रोग्रॅम तासभर चालल्यानंतर करायची असे ठरवले. नवी आवृत्ती तपासणीच्या आदल्या शुक्रवारी आली. शनिवारी मी पुन्हा तळघरात जाऊन बसले. गोल दिसला नाही. सरळ लिहिण्याची चौकट उघडली. शेजारी बसलेल्या एका बाईने विचारले, की नंबर लावायचं मशीन हेच का. मी नाही म्हणाले.

तपासणीच्या दिवशी भावाने दुकानातला लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड पिशवीत घेतला होता. अप्पांचे नाव पुकारल्यावर तो आधी आत गेला, टेबलाखाली वाकून प्लग लावला आणि बोर्ड अप्पांच्या खुर्चीजवळ ठेवला. अप्पांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. डॉक्टर रक्ताचा अहवाल वाचत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा चौकट उघडलेली होती.

"सगळं ठीक आहे. मग ठरल्याप्रमाणे करू ना?"

"हां, डॉक्टर, आमी…" भावाने सुरुवात केली. अप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो थांबला.

अप्पा लिहीत होते. खोलीत कळांचा आवाज येत होता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले.

"ऑपरेशननंतर मला तोंडाने जेवता येईल का?" मराठी आवाज म्हणाला.

डॉक्टरांनी लॅपटॉपकडे पाहिले आणि मग अप्पांकडे. "शक्यता कमी आहे काका. पोटात नळी बसवावी लागेल. त्यातून जेवण द्यायचं."

"कायमची?"

"बहुतेक कायमची."

"नाही केलं तर?"

"पातळ पदार्थ जातील. काही काळ. मग त्रास वाढेल."

"किती काळ?"

"ते मला खात्रीने सांगता येणार नाही. केलं तर जास्त मिळू शकतो. तेही खात्रीने सांगता येणार नाही."

अप्पांनी लिहायला घेतले, खोडले, पुन्हा लिहिले. "दुखण्यावर औषध आहे?"

"आहे. ते मी देईन. त्यात कमी पडणार नाही."

दारात कोणीतरी डोकावले. डॉक्टरांनी हाताने थांबायची खूण केली.

"मग नको," आवाज म्हणाला.

भाऊ खुर्चीत सरळ झाला. "अप्पा, असं नका करू. घरी बोलू आपण. डॉक्टर, आज काय फायनल धरू नका." तो मराठीत बोलत होता आणि मध्येच कन्नडमध्ये गेला. तू, तू काय बोलतोस हे, असे तो म्हणाला. अप्पांना त्याने आयुष्यात पहिल्यांदा एकेरी हाक मारली.

अप्पांनी कळफलक बदलला. डॉक्टरांना कन्नड येत नसावे. ते भावाकडे बघत राहिले. अप्पा बराच वेळ लिहीत होते. कळ दाबताच आवाज आला, मध्ये अंतर पडले नाही. त्यांनी भावाला सांगितले, की सूनबाईला भाकरी दुधात कुस्करायला सांग, रात्रभर भिजलेली असली तर घशाखाली जाते, काल गेली होती. दुकानात मंगळवारी येणाऱ्या मालाचे तूच बघ. आणि सकाळी गळ्यातली नळी तूच साफ कर, नर्स नको.

भावाने चेहरा रुमालात धरला. नंतर तो मराठीत म्हणाला, "डॉक्टर, नको म्हणतायत ते."

"ऐकलं मी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या, मोठ्याने वाचून दाखवल्या आणि कागद अप्पांपुढे केला. अप्पांनी सही केली. खाली नातेवाइकाच्या जागी भावाने सही केली.

लॅपटॉप बंद करून आम्ही वर आलो. भावाने एक्स्टेन्शन बोर्डची वायर कोपरावर गुंडाळली. अप्पांना घरी सोडून तो दुकानात गेला. दुपारी तिथून त्याने रुग्णालयाच्या काउंटरला फोन केला आणि शस्त्रक्रियेसाठी राखलेली खोली नको असल्याचे कळवले.